कपातीचा क्रम कुणी ठरवला?

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं ऊसबिल आजही फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर निघतं. कारखान्याचं नाव देत नाही. दिलं तर बाकीचे कारखाने, बाजार समित्या आणि पतसंस्था उगाच सुटकेचा निःश्वास सोडतील. ज्यांनी तो प्रोग्राम लिहिला ते संगणक (ईडीपी) विभागातून कधीच निवृत्त झाले. तरी गाळप सुरू झालं की त्यांचा फोन वाजतोच. त्यांची भाची पुण्यात आयटीत आहे. परदेशी बँकांच्या जुन्या मेनफ्रेमना नव्या ॲपशी जोडून देणं हे तिचं रोजचं काम. कारखान्यात नवी ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं एकत्र सॉफ्टवेअर, घ्यायची चर्चा निघाली, मामांना मत विचारलं गेलं, त्यांनी भाचीला विचारलं आणि दोघांची जुंपली. गंमत म्हणजे प्रोग्राम गाडून टाका असं म्हणणारे मामा आहेत आणि ठेवा म्हणणारी भाची.

मामा : ईआरपी घ्या आणि माझा प्रोग्राम बंद करा, असं लेखी देणार आहे मी.

भाची : अहो मामा, इतके हंगाम बिलं काढली त्यानं. एका शेतकऱ्याचा बेरजेत रुपया चुकला नाही, हे तुम्हीच सांगता.

मामा : बेरीज चुकत नाही गं. बेरजेपर्यंत पोचायचेच वांधे आहेत. फॉक्सप्रो २.६, १९९४ सालचा, डॉसवरचा. आताच्या ६४ बिटच्या विंडोजवर तो उघडतच नाही. म्हणून नव्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन, त्यात विंडोज एक्सपी, त्यात फॉक्सप्रो. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ ला बंद केला. फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही हे तर २००७ लाच सांगून टाकलं होतं. आणि तुला एक सांगू? एकदा मशीन वेगवान आलं म्हणून हा प्रोग्राम बंद पडला होता. उघडला की ‘डिव्हाइड बाय झिरो’. सुरू होताना प्रोसेसरचा वेग मोजायला तो एक लूप फिरवतो. नव्या मशीनवर लूप इतक्या लवकर संपला की लागलेला वेळ शून्य भरला, आणि मग त्या शून्यानं भागाकार. पॅच शोधून आणून बसवला तेव्हा गाडी पुढे गेली.

भाची : ही सगळी बाहेरची दुखणी झाली.

मामा : मग काट्यावर ये. वजनकाट्याच्या इंडिकेटरमधून वजन सिरियल केबलनं येतं. हल्लीच्या मशीनला तो पोर्टच नसतो, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावलाय. रात्रपाळीच्या क्लार्कनं मोबाइल चार्ज करायला कन्व्हर्टर काढला आणि परत घालताना शेजारच्या खाचेत घातला, की पोर्टचा नंबर कॉम ३ चा कॉम ५ होतो. प्रोग्राम बसतो कॉम ३ कडे तोंड करून. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, तोडलेला ऊस वाळतोय, वजन घटतंय, गाडीवाला शिव्या घालतोय. आणि फोन कुणाला? मला.

भाची : यात प्रोग्राम बदलण्यासारखं काय आहे? काट्याशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम वेगळा लिहायचा. कन्व्हर्टर कुठल्याही खाचेत घाला, तो शोधून काढेल आणि वजन एका टेक्स्ट फाइलमध्ये टाकेल. तुमचा फॉक्सप्रो ती फाइल वाचेल. त्याला पोर्टशी देणंघेणंच नको. आम्ही दिवसभर दुसरं काय करतो? बँकेच्या ॲपवर तुम्ही शिल्लक बघता, तेव्हा पाठीमागे कित्येक ठिकाणी कोबोल असतं. १९५९ साली जमलेल्या समितीनं आखलेली भाषा ती. आयबीएमनं १९६४ ला सिस्टीम ३६० आणलं, तेव्हाचे प्रोग्राम आजच्या मेनफ्रेमवर चालावेत ही काळजी कंपनी अजून घेते. ॲपला कोबोल कळत नाही आणि कोबोलला ॲप. मध्ये आम्ही.

मामा : मध्ये तुम्ही, आणि पाठीमागे मेनफ्रेम सांभाळणारी आख्खी कंपनी. माझ्या पाठीमागे कोण आहे?

भाची : बरं, बँक सोडा, रेल्वे घ्या. आरक्षणाची यंत्रणा १९८० च्या दशकातली. आयआरसीटीसीनं २००२ साली इंटरनेटवर तिकीट द्यायला सुरुवात केली तेव्हा ती यंत्रणा कुणी फेकून दिली नाही. तिच्यासमोर वेबसाइट उभी केली. खिडकीवरचं तिकीट आणि मोबाइलवरचं तिकीट एकाच साठ्यातून निघतं.

मामा : हो ना. आणि सकाळी दहाला तात्काळचं तिकीट काढून दाखव मला.

हा टोला भाचीला लागला, हे नमूद करायला हवं. पाठीमागची यंत्रणा ठरावीक खिडक्यांचा वेग धरून बांधलेली असली आणि पुढे सगळा देश बोट टेकवून बसला, की जोडणी कितीही सुबक असो, गर्दी मागे जाऊन तुंबतेच. रोज मध्यरात्रीच्या आसपास आरक्षण थोडा वेळ बंद राहतं, हेही आपण वर्षानुवर्षं नेमानं सोसत आलो. पुढची वेबसाइट चोवीस तास जागी, मागचं घर मात्र रात्री दार लावून घेणारं.

भाची : मग नवं घेतलं की सगळं सुरळीत होतं असं वाटतं का तुम्हाला? ब्रिटनमधली टीएसबी बँक घ्या. आधी लॉइड्सच्या यंत्रणेवर भाड्यानं चालायची. स्पेनच्या साबादेल बँकेनं ती विकत घेतली आणि एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात ५२ लाख ग्राहक आपल्या नव्या यंत्रणेवर नेले. खात्यांची माहिती नीट पोचली, पण यंत्रणेलाच भार पेलला नाही. लाखो लोकांना स्वतःचं खातं उघडता येईना, काहींना दुसऱ्याचंच खातं दिसायला लागलं. गाडं रुळावर यायला डिसेंबर उजाडला. तोवर मुख्य अधिकाऱ्याची खुर्ची गेली, बँकेला ३३ कोटी पौंडांचा खड्डा पडला, आणि २०२२ मध्ये वर ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड. ही बँक होती मामा. चाचणीला माणसं होती, पैसा होता. तुमच्या कारखान्यात चाचणी कोण करणार? शेती विभागातला एक क्लार्क, तोही तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयचे फोन घेत घेत.

मामा : आणि न बदलणाऱ्यांचं काय होतं? साउथवेस्ट एअरलाइन्स. २०२२ चा ख्रिसमस, अमेरिकेत बर्फाचं वादळ. बाकीच्या विमान कंपन्या काही दिवसांत सावरल्या. हिची १६ हजारांवर उड्डाणं रद्द. का? कुठला वैमानिक कुठल्या गावात अडकलाय याचा हिशोब त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरला लागेना. माणसं फोन करून कळवत होती, ‘मी इथे आहे, मला कुठेतरी पाठवा.’ युनियनवाले वर्षानुवर्षं सांगत होते, हे एक दिवस गळ्याशी येणार. दंड त्यांनाही झाला, १४ कोटी डॉलर. तेव्हा तुझी एक गोष्ट, माझी एक. असं मोजत बसलो तर संध्याकाळ होईल.

हे मात्र खरं. असल्या चर्चांत दोन्ही पक्षांच्या खिशात आपापला अपघात तयार असतो. एकानं टीएसबी काढली की दुसरा साउथवेस्ट काढतो, आणि ऐकणारा अधिकारी जे आधीच ठरवून आलेला असतो तेच ठरवून उठतो. पुढचं बोलणं मला जास्त कामाचं वाटलं, कारण ते त्या प्रोग्रामच्या आत शिरलं.

भाची : मामा, मी तुमचं कोड वाचलंय.

मामा : मग माझी लाज गेली म्हण की.

भाची : फील्डची नावं दहा अक्षरांत बसवलीत, ती कोडी सुटली. ‘एसएमपी’ या उसाच्या जुन्या किमान दराच्या नावाच्या कॉलमात एफआरपी, म्हणजे आताचा रास्त दर आहे.

मामा : २००९ ला कायद्यानं नाव बदललं, मी कॉलमचं नाव नाही बदललं. साठ रिपोर्ट फुटले असते.

भाची : शेतकऱ्यांची मराठी नावं दोन-दोन संकेतांत आहेत. जुनी सी-डॅकच्या जिस्ट कार्डाच्या काळातली, इस्कीमध्ये. नंतरची विंडोजच्या छपाईसाठी फॉन्टच्या संकेतात. एकाच कॉलमात दोन्ही! फॉन्टवाल्या नावांत ‘किसन’ची पहिली वेलांटी ‘क’च्या आधी साठवलेली, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडला ती ‘क’नंतर लागते. नुसती अक्षरं बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. आणि ‘कऱ्हाड’च्या ‘ऱ्हा’नं तर माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली.

मामा : बँकेचे खातेक्रमांक बघितलेस?

भाची : बघितले. नंबर म्हणून साठवलेत, म्हणून डावीकडची शून्यं गळली. ती परत लावायला तुम्ही शाखेप्रमाणे लांबी धरणारी वेगळी फाइल ठेवलीत. हे सगळं मी पचवलं. पण बिलाच्या प्रोग्राममध्ये एक इफ, म्हणजे अट आहे. त्यात गावांच्या दोन गटांचे नंबर घातलेत. त्या गटांतल्या शेतकऱ्याच्या बिलातून पाणीपुरवठा संस्थेची कपात सगळ्यात शेवटी होते. बाकी सगळीकडे सोसायटीच्या कर्जानंतर लगेच. असं का?

यावर मामा जरा गप्प झाले. शहरातल्या वाचकासाठी सांगतो. ऊस गेला की पंधरवड्याचं बिल निघतं आणि ते शेतकऱ्याच्या हातात पडण्याआधी त्यातून कपाती होतात : विकास सोसायटीचं पीककर्ज, पाणीपुरवठा संस्थेची पट्टी, खताची आणि रोपांची उधारी, ठेव. बिल मोठं असेल तर क्रमानं काही बिघडत नाही, सगळ्यांचं भागतं. बिल तोकडं असलं की रांगेत शेवटी कोण उभा, त्यावर कुणाचे पैसे बुडीत दिसणार ते ठरतं.

मामा : उसावर लोकरी माव्याची कीड आली होती त्या साली. २००२-०३. पाठोपाठ पाऊसही गेला. त्या दोन गटांत ऊस चिपाडासारखा. तेव्हाच्या चेअरमननी बोलावलं, म्हणाले, ‘त्यांची पाणीपट्टी शेवटी घ्या, हातात चार पैसे तरी पडू द्यात.’ मी म्हटलं, लेखी द्या. म्हणाले, ‘मीटिंगला घेतो.’ हंगाम निम्मा आला होता, बिलं तटली होती. मी इफ घातला.

भाची : आणि मीटिंगला?

मामा : घेतलं नाही. पुढच्या हंगामात मी विचारलं, तर म्हणाले, ‘राहू दे एवढं वर्ष.’ मग ते चेअरमन गेले. दुसरे आले, तिसरे आले. एमडी किती बदलले. इफ तिथेच. आज त्या गटांत ठिबक आहे, ऊस एक नंबरचा आहे. तरी कपात शेवटी. कारण कुणाला ठाऊकच नाही.

भाची : म्हणूनच मी म्हणते, ठेवा. ईआरपीवाला येईल आणि विचारेल, ‘कपातीचा क्रम काय?’ क्लार्क सांगेल, ‘ते कॉम्प्युटर करतो.’ मग तो आपल्या पुस्तकातला क्रम टाकून मोकळा होईल. पहिल्याच पंधरवड्यात दोन गटांची बिलं बदलतील, लोक गट कार्यालयावर येतील, आणि का बदललं ते कुणाला सांगता येणार नाही. असे इफ अजून किती आहेत, मामा? माझ्या नजरेला सतराएक तरी आले.

मामा : आणि म्हणूनच मी म्हणतो, गाडा. अगं, हा कारखाना कोण चालवत होता? संचालक मंडळ? कपात कुणाची आधी, कुणाची नंतर, हे एका प्रोग्रामरनं ठरवलं आणि दोन दशकं ते कुणी वाचलं नाही. लोक म्हणतात, मामांचा प्रोग्राम भरवशाचा. भरवसा कसला? कुणीही डीबीएफ, म्हणजे माहितीची फाइल, उघडून ब्राउझ म्हणावं, आकडा बदलावा आणि बंद करावं. कुणी बदलला, कधी बदलला, काही मागमूस राहत नाही. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असं हिशोबाचं सॉफ्टवेअर चालत नाही, प्रत्येक बदलाची नोंद राहायलाच हवी असा नियम झाला. आमची संस्था सहकारी, तो नियम तिला लागत नाही. पण सभासदाचा पैसा भागधारकाच्या पैशापेक्षा कमी किमतीचा आहे का?

(हा मुद्दा भाचीच्या बाजूच्या मंडळींकडून मी क्वचितच ऐकतो. जुन्या यंत्रणेत वर्षांचं शहाणपण साठलेलं असतं, असं ते म्हणतात. असतं. शहाणपणाबरोबर कुणाच्या तरी तोंडी सूचना, कुणाची तरी मर्जी आणि संपून गेलेला दुष्काळही साठलेला असतो. माझा कल इथे मामांकडे आहे.)

भाची : ते मान्य. पण एका रात्रीत गाडता येत नाही हेही माना. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. नवी ईआरपी भर हंगामात अडकली तर व्याज कोण भरणार, विक्रेता? मार्टिन फाउलर नावाचे एक लेखक आहेत, त्यांनी २००४ मध्ये यावर एक रीत सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या जंगलात त्यांनी एक वडासारखं झाड बघितलं. दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं, मुळं खाली सोडतं, आणि काही वर्षांनी आतलं झाड कुजून गेलं तरी वरचं स्वतःच्या पायावर उभं राहतं. नवी प्रणाली तशी वाढवायची. एकेक काम जुन्याकडून काढून घ्यायचं.

मामा : आमच्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवला होता, आठवतो? तो असाच वाढला. भिंत पडली.

भाची : भिंत पडायच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या, एवढंच म्हणते मी. साखर विक्रीकडे तुम्ही नकळत हेच केलंत.

मामा : ते नाइलाजानं. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस आलं, ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना, मग मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींवर आली. सरकारी पोर्टलला फाइल जेसन स्वरूपात पाहिजे. माझा फॉक्सप्रो जेसनचं नाव घेत नाही. मग शेजारच्या मशीनवर एका पोरानं पायथनमध्ये लिहून दिलं. फॉक्सप्रो टेक्स्ट फाइल टाकतो, ते पोर्टलला पाठवतं आणि क्यूआर कोड घेऊन परत येतं. त्या क्यूआरचा मजकूर एवढा लांब की माझ्या २५४ अक्षरांच्या फील्डात मावेना. ठेवलाय बाहेरच.

भाची : चालतंय ना?

मामा : चालतंय. पण त्या पोराची नोकरी लागली बंगळूरला. पासवर्ड त्याच्या मोबाइलमध्ये. आता सांभाळायच्या जुन्या गोष्टी दोन झाल्या, एक माझी आणि एक त्याची. तुझ्या जोडण्यांचं हेच होणार. काट्याला एक, बँकेला एक, पोर्टलला एक. दहा वर्षांनी तुझीच भाची येऊन तुला विचारेल, ‘मावशी, हे कुणी लिहिलं?’

भाची : म्हणून जोडणी लिहिताना तिच्या शेवटाची तारीखही लिहायची. ही फाइल कोण टाकतो, कोण उचलतो, नाही आली तर कुणाला कळतं, आणि अमुक काम नव्याकडे गेलं की ही बंद. एवढं एक पान.

मामा : पान कोण वाचतं!

भाची : तुमचं कोड मी वाचलंच ना.

मामा : (हसून) बरं. तू म्हणतेस तसं केलं तर पहिलं काय काढायचं?

भाची : काटा. मग नावं युनिकोडमध्ये आणि खातेक्रमांक अक्षरं म्हणून. मग बँकेत पैसे पाठवणं. बिल सगळ्यात शेवटी. एक अख्खा हंगाम बिल दोन्हीकडे काढायचं, जुन्यात आणि नव्यात, आणि रुपयान् रुपया ताडून बघायचा.

मामा : हे कागदावर. क्लार्कला एकच पावती दोनदा भरायला सांगितलीस तर तिसऱ्या दिवशी तो एकीकडेच भरेल, आणि दुसरीकडे तुला म्हणेल ‘लाइट नव्हती’. मी स्वतः तसं केलंय. २००० सालाच्या भानगडीत. हंगामाचं वर्ष दोन आकड्यांत लिहायचो, ‘९९’. दोन हजार उजाडलं आणि ‘००’चा हंगाम यादीत सगळ्यांच्या आधी येऊन बसला. तेव्हा दोन्हीकडे भरा असा हुकूम होता. भरलं कुणी?

भाची : दोनदा भरायचंच नाही. काट्याची टेक्स्ट फाइल आपण आधी वेगळी काढली ना? तीच फाइल दोघांना द्यायची. तोडणी चिठ्ठी आणि ऊसनोंदही तशाच. क्लार्कचं काम एकदाच.

मामांनी हे लगेच मान्य केलं. इतका वेळ चाललेल्या वादात मला दिसलेली ही पहिली सहमती, आणि ती तत्त्वावर नव्हती, क्लार्कच्या सवयीवर होती. ईआरपीच्या सादरीकरणात स्वच्छ माहिती भरलेले पडदे दाखवतात, तिथे हा क्लार्क कधी नसतो.

मामा : पण एक अडतं. नव्या बिलात त्या दोन गटांचा इफ घालणार का?

भाची : घालणार. जसाच्या तसा. नाहीतर दोन्ही बिलं जुळणारच नाहीत, आणि फरक चुकीमुळे पडला की सुधारणेमुळे, ते कळणार नाही. आधी जुळवायचं, मग ठराव करून बदलायचं.

मामा : म्हणजे चुकीचं आहे हे ठाऊक असून पुन्हा लिहायचं?

भाची : इफ म्हणून नाही लिहायचं. बाहेर एका तक्त्यात ठेवायचं : कुठला गट, कुठला क्रम, कुणाच्या सांगण्यावरून, कुठला ठराव. तुमच्या इफसमोर ठरावाचा रकाना रिकामा राहील. सतरा ओळी, सतरा रिकामे रकाने. ती यादी छापून संचालक मंडळापुढे ठेवायची.

मामा : ते म्हणतील, ‘मामांनी केलंय ते बरोबरच असेल, घ्या मंजूर.’ सतराच्या सतरा, एका चहात.

भाची : करू देत. सही तर होईल. आजपर्यंत तीही नव्हती.

मामा : मंजूर केलं तर चूक कायदेशीर झाली, एवढंच. नामंजूर केलं, तर त्या पाणीपुरवठा संस्थेचे इतक्या वर्षांचे पैसे मागे पडले त्याचं काय? तिथला सचिव दरवर्षी थकबाकीदारांच्या दारात जाऊन भांडतो. माणसं वाईट आहेत असं समजतो तो.

भाची : ते माझ्या कामात बसत नाही, मामा. तुम्ही सभासद आहात. वार्षिक सभेत विचारा.

मामा : विचारतो. ती यादी मला आधी दे. आणि इफ नंबर अकरा आहे ना, त्याचं कारण माझ्याकडेही नाही. तो मी नाही घातलेला.